माती, पाणी आणि धारूर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धारूरला पाहुणा आला की आम्ही त्याला आधी किल्ला दाखवतो. आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास तो बांधला, मग निजामशाहीने तो जिंकून गावाचं नाव फत्तेहाबाद केलं, पुढे १६३१ साली मोगल आले. नाव बदलणारे गेले आणि गाव धारूरच राहिलं. किल्ल्यावरून उतरलं की पाहुण्याला बालाघाटातली सीताफळं खाऊ घालायची आणि निरोप द्यायचा, अशी आमची रीत.

माझ्या घरी आलेला पाहुणा मात्र परसात थबकतो. तिथे पत्र्याचे तीन टब पालथे घातलेले असतात. मागची बाजू उंच, पुढची बसकी, आरामखुर्चीसारखा आकार. एका पाहुण्याने मला विचारलं होतं, ‘‘गुरुजी, यात काय म्हशीला आंबोण घालता?’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो, यात माणूस बसतो.’’ त्यावर तो जे हसला, त्याचा मला अजून राग नाही. पहिल्यांदा तो टब पाहिला तेव्हा मीही हसलोच होतो.

मी पेशाने प्राथमिक शिक्षक. शाळेच्या वेळेआधी आणि नंतर चाळीसेक वर्षं लोकांना मातीच्या पट्ट्या बांधत आलो, म्हणून गावात मला ‘मातीवाले गुरुजी’ म्हणतात. पुढे निसर्गोपचाराची पदविकाही घेतली, पण नावाआधी डॉक्टर कधी लावलं नाही. का लावलं नाही, ते ओघात येईलच.

माझा जन्म १९५८ चा. लहानपणापासून दमा. पोळा झाला, आभाळ भरून राहिलं, की माझी छाती वाजायला लागायची. बालाघाटावरचं वारं इतरांना सुखाचं, मला ते वैऱ्यासारखं. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबांच्या पिढीचा विश्वास हकिमावर, आजीचा वैद्यावर आणि वडिलांचा इंजेक्शनवर. तिघांनीही आपापल्या परीने माझ्यावर प्रयोग केले. माझ्या छातीने कोणाचंच ऐकलं नाही.

१९७८ साली, नुकताच नोकरीला लागलो होतो तेव्हा, शाळेतल्या एका जुन्या सर्वोदयी सहकाऱ्यांनी सांगितलं, ‘‘उरुळीकांचनला जा. गांधीजींनी काढलेलं ठिकाण आहे.’’ धारूरहून केज, तिथून बार्शी, बार्शीहून ती झुकझुक करत जाणारी छोटी रेल्वे आणि कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसायचं, असा तो प्रवास. मनात होतं की गांधीजींचं ठिकाण म्हणजे मोठा दवाखाना असेल. प्रत्यक्षात झाडांखाली खोल्या, गोशाळा आणि पहाटे फिरायला निघालेली जाडजूड माणसं. पहिल्या दिवशी मला भाकरी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोटावर गार मातीची पट्टी, मग एनिमा, मग त्या टबात कटिस्नान आणि जेवायच्या वेळी ताक. तिसऱ्या रात्री मी पिशवी भरून ठेवली होती. सकाळच्या गाडीने पळून जायचं ठरलं होतं. त्या रात्री मात्र मी उशीला टेकून बसायच्या ऐवजी आडवा झोपलो आणि सलग झोपलो. कैक महिन्यांत असं झालं नव्हतं. पिशवी रिकामी केली आणि एकवीस दिवस राहिलो.

आता लगेच सांगून टाकतो. माझा दमा गेला नाही. आजही हे बोलताना माझ्या सदऱ्याच्या खिशात इनहेलर आहे. पण वर्षाकाठी जे बारा-पंधरा वेळा आडवं पडणं व्हायचं, ते दोन-तीनवर आलं. कशामुळे आलं? मातीमुळे, की मैदा-तळण सुटल्यामुळे, की रोज चालायला लागल्यामुळे? मला ठामपणे सांगता येत नाही. या बाबतीत माझी सोबत मोठी आहे, गांधीजींनाही सांगता आलं नव्हतं.

तो प्रसंग १९०२ चा, आपल्या मुंबईतला, गिरगावातला. गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परत आलेले, वकिलीचा जम बसवायच्या खटपटीत. दहा वर्षांचा मुलगा मणिलाल टायफॉइडने आजारी पडला, त्यात न्यूमोनियाची लक्षणं. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितलं. गांधीजी शाकाहारी. त्यांनी डॉक्टरांना विनंती केली की तुम्ही येऊन नाडी आणि छाती तपासत राहा, उपचार मी माझे करतो. मग लुई कूने याच्या पुस्तकाप्रमाणे तीन-तीन मिनिटांची कटिस्नानं आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस. ताप उतरेना, १०४ पर्यंत गेला. बाप घाबरला. लोक काय म्हणतील, आपल्या हट्टापायी पोराचा जीव तर जाणार नाही ना, हे सगळं मनात. शेवटी ओल्या चादरीत मुलाला गुंडाळून वर घोंगड्या घातल्या, त्याच्या आईला जवळ बसवलं आणि स्वतः रात्री चौपाटीकडे चालत निघून गेले. परतले तेव्हा पोराला घाम फुटला होता. मणिलाल वाचला. आत्मकथेत हे सांगून झाल्यावर गांधीजी विचारतात की हे देवाच्या कृपेने झालं, पाण्याने झालं, की पथ्याने आणि सेवेने, हे कोण ठरवणार? मला त्या प्रकरणात हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांनी ती चादर घेतली, तो प्रश्न तिथेच ठेवला.

हा लुई कूने कोण? जर्मनीतल्या लाइपझिगचा माणूस. त्याने वैद्यकाचं शिक्षण घेतलेलं नव्हतं. १८८३ मध्ये त्याने आपलं उपचारगृह उघडलं. त्याच्या आधी सायलेशियात प्रिसनिट्स नावाचा शेतकरी होऊन गेला, अंगावरून गाडी जाऊन बरगड्या मोडल्या तेव्हा ओल्या फडक्यांनी स्वतःला बरं करणारा. नंतर बव्हेरियातला पाद्री सेबास्टियन क्नाइप. छातीच्या रोगाने खंगलेला हा विद्यार्थी ऐन थंडीत डॅन्यूब नदीत बुड्या मारायचा. मग हार्ट्सच्या डोंगरातला आडोल्फ युस्ट, मातीवाला. आमच्या मातीच्या पट्टीचं मूळ त्याच्याकडे जातं. गांधीजींनी जोहान्सबर्गमध्ये त्याचं पुस्तक वाचून पहिल्यांदा पोटावर माती बांधली. म्हणजे आपण ज्याला आपली प्राचीन भारतीय पद्धत म्हणतो, तिचा बराचसा भाग जर्मनीतून पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आलेला आहे. कूनेचं पुस्तक १८९४ मध्ये तेलुगूत आणि १९०४ च्या सुमारास हिंदी-उर्दूत आलं. उपास, लंघन, आतपस्नान हे आपल्याकडेही होतंच, म्हणून ती कलम इथे लगेच धरली.

कूनेचं सगळ्यात गाजलेलं मत असं, की रोग मुळात एकच आहे, शरीरात साठलेला मळ, आणि म्हणून इलाजही एकच. विशीत हे वाचलं तेव्हा मला केवढा हुरूप आला होता! हजार रोगांची नावं पाठ करायला नकोत, तपासण्या नकोत. पोट साफ, माणूस साफ. या वाक्याची किंमत मी पुढे मोजली.

पण त्याआधी पुणं आणि उरुळी. पुण्यात डॉ. दिनशा मेहता नावाचे पारशी गृहस्थ निसर्गोपचार केंद्र चालवत. गांधीजींच्या उपासांच्या वेळी प्रकृती सांभाळायला हे हजर असत. १९४३ साली आगाखान पॅलेसमधल्या एकवीस दिवसांच्या उपासाच्या वेळीही होते. त्याच वाड्यात १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा सरकारी डॉक्टर होते, डॉ. सुशीला नय्यर होत्या, दिनशा मेहता होते आणि लाहोरचे वैद्य शिवशर्माही होते. वैद्यांना रात्री आत राहायची परवानगी नव्हती, तर ते फाटकाबाहेर मोटारीत झोपले आणि रात्री बोलावणं आलं की आत जात. एका खाटेभोवती तीन पद्धतींची माणसं. शेवटी विमानाने पेनिसिलिन मागवलं गेलं. त्याची इंजेक्शनं दर काही तासांनी टोचावी लागणार हे कळल्यावर गांधीजींनी, आता तिला त्रास नको, असं म्हटलं. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. हल्ली ‘होलिस्टिक’ हा शब्द फार चालतो, सर्वंकष, समग्र वगैरे. मला तो शब्द ऐकला की फाटकाबाहेर मोटारीत झोपलेले शिवशर्मा आठवतात. एकमेकांच्या पद्धतीवर विश्वास नसलेली माणसं एका रोग्यासाठी एका छताखाली आली होती.

आणि गांधीजी तरी शस्त्रक्रियेच्या बाहेर होते का? १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्स सुजलं, तेव्हा त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ, मध्येच वीज गेली, हातातली बॅटरीही विझली आणि कंदिलाच्या उजेडात उरलेलं काम झालं. ‘हिंद स्वराज्य’ मध्ये डॉक्टरांवर आसूड ओढणारा माणूस कंदिलाच्या उजेडात एका इंग्रज शल्यविशारदाच्या हाताखाली निजला होता. पुढे एकाने त्यांना याचा जाब विचारला, तेव्हा त्यांनी ती आपल्या मनाची दुर्बलता होती असं कबूल केलं. मला विचाराल तर दुर्बलता नव्हे, ते शहाणपण होतं. त्या रात्री मातीची पट्टी बांधली असती तर दांडीची यात्रा झाली नसती.

१८ नोव्हेंबर १९४५ ला पुण्यात निसर्गोपचारासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि गांधीजी तिचे अध्यक्ष झाले. त्या तारखेला आता निसर्गोपचार दिन म्हणतात, आणि मेहतांच्या त्या जागेत १९८६ पासून राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. गांधीजींची कल्पना अशी की श्रीमंतांसाठी चाललेल्या या केंद्रात गरिबांनाही बरोबरीने घ्यायचं. काही महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं की हे जमणारं नाही. गरीब पुण्यापर्यंत पोचणार कसा? पोचला तर राहणार कुठे? शहरात गरिबांसाठी संस्था काढायला निघालो हा माझा मूर्खपणा, अशा अर्थाचं त्यांनी ‘हरिजन’ मध्ये सरळ लिहून टाकलं. सत्त्याहत्तराव्या वर्षी स्वतःची योजना अशी मोडीत काढणं सोपं नाही.

मग खेडं शोधलं. २२ मार्च १९४६ ला गांधीजी उरुळीकांचनला उतरले. पहिल्या दिवशी तीसएक रोगी आले. सगळ्यांना जवळजवळ एकच सांगणं: रामनाम, सूर्यस्नान, कटिस्नान, अंग चोळणं, दूध-ताक, फळांचा रस, भरपूर पाणी. आठवडाभरात शेकडो लोक येऊन गेले. तेवढ्यात दिल्लीत ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ आलं होतं, देशाचं भवितव्य ठरायचं होतं, त्यामुळे ३० मार्चला त्यांना निघावं लागलं. गावातले महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली, १ एप्रिलला विश्वस्त संस्था झाली. मागे राहिले ते विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा, जे स्वतः क्षयातून उठलेले होते, आणि सुरतेकडचा एक पंचविशीचा पदवीधर, मणिभाई देसाई. त्याने गांधीजींना शब्द दिला होता की आयुष्य इथेच काढीन. तो त्याने पाळला. मणिभाईंकडे मी पुन्हा येणार आहे.

१९७९ मध्ये मी धारूरला हे सगळं डोक्यात भरून घेऊन आलो. गावातल्या पत्र्याचं काम करणाऱ्याला कागदावर चित्र काढून दिलं आणि पहिला टब करून घेतला. माती आमच्याकडे हवी तेवढी. रानात चार फूट खोल खणायचं, वरची खत-औषधाची माती घ्यायची नाही, खालची काळी घ्यायची, ती उन्हात वाळवायची, खडे कुटून बारीक चाळायची आणि रात्री भिजत घालायची. सकाळी लोण्यासारखी होते. जुन्या धोतराच्या तुकड्यात वीतभर रुंद, बोटभर जाड थापून पोटावर अर्धा तास ठेवायची. काळी माती पाणी धरून ठेवते, गारवा सोडत नाही. आमच्याकडची मुरमाड माती यासाठी उपयोगाची नाही, ती घरावर टाकायची.

अडचण पाण्याची होती. जलचिकित्सा ज्यांनी लिहिली त्यांच्या दाराशी डॅन्यूब वाहत होती. माझ्या दाराशी एप्रिलमध्ये टँकर. एका कटिस्नानाला दोन-अडीच घागरी पाणी लागतं आणि बाया ज्या गावी दोन घागरींसाठी रात्री विहिरीवर बसतात, तिथे मी माणसाला पाण्यात बसवायचं? एका आजीने मला तोंडावर ऐकवलं, ‘‘बाबा, ह्या पाण्यात मही दोन नातवंडं न्हातील.’’ त्या उन्हाळ्यापासून मार्च ते मृगापर्यंत टब पालथे. तेवढे महिने ओल्या फडक्याची पट्टी आणि मातीवर भागवायचं. बाकीच्या वेळी टबातलं पाणी परसातल्या पपईला. फळांच्या रसाचंही तेच. संत्री कोण आणणार? त्याऐवजी ज्वारीची आंबील, ताक, हंगामात सीताफळ. पुस्तकात हे कुठेही नव्हतं.

लोकांना गुण येत होता. बद्धकोष्ठ, पित्त, डोकेदुखी, सांधे आखडणं, असल्या तक्रारींना येतोच. आणि गुण आला की माणसाला मस्ती येते. मला आली.

१९८७ साली माझ्याकडे एक सालगडी यायचा. तीस-बत्तीसचा, कष्टाळू गडी. खोकला, संध्याकाळी अंग मोडून येणं, वजन उतरलेलं. मला त्याच्यात माझाच दमा दिसला. मी त्याला वाफ दिली, छातीला ओली लपेट बांधली आणि दोन-दोन दिवसांचं लंघन घातलं. रोग एकच आणि इलाजही एकच ना! दीड महिना असा गेला. तो दर खेपेला म्हणायचा, बरं वाटतंय. एक दिवस खोकताना रक्त पडलं. त्याला अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात नेलं. त्यांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय होता, दोन्ही बाजूंना पसरलेला. ज्याला खाऊ घालायचं त्याला मी उपाशी ठेवलं होतं. महिनोन् महिने गोळ्या-इंजेक्शनं घेऊन तो बरा झाला. त्याच्या चार वर्षांच्या मुलीलाही तो रोग निघाला होता, तीही बरी झाली. तो मला भेटायला आला तेव्हा मी माफी मागायच्या तयारीने बसलो होतो. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमच्या मातीनं बरं वाटत व्हतं, म्हून थांबलो.’’

तो मला दिलासा देत होता. मला ते वाक्य आजतागायत पचलेलं नाही. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन गोष्टी आहेत, आणि आमची पद्धत पहिली गोष्ट फार चांगली करते. त्यातच तिचा धोका आहे. पुढे वर्षभर मी टबाला हात लावला नाही. पुन्हा सुरू केलं ते एका वहीसह. वहीत पहिला रकाना तपासणीचा. दोन आठवड्यांवर खोकला, न कळता उतरलेलं वजन, अंगावरून रक्त जाणं, लागलेली गाठ, साखर, रक्तदाब, यातलं काही असेल तर आधी सरकारी दवाखाना, चिठ्ठी आणायची, मग माती. कोणाच्या गोळ्या मी बंद करत नाही. काही जण रागावून गेले. ‘‘दवाखान्यातच जायचं तर तुमच्याकडे कशाला?’’ असं म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

नव्वदनंतर माझ्याकडे येणारी माणसं बदलली. बायका वाढल्या आणि त्यांची तक्रार एकच, कंबर. आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा झाला की टोळ्या निघतात, घाट उतरून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. वाढ्यांची, उसाची मोळी डोक्यावर घेऊन बाई ट्रकच्या फळीवर चढते. एक दिवस आजारी पडलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. खोपीला पाणी नाही, आडोसा नाही. मी त्यांच्या कमरेला मातीची पट्टी बांधायचो आणि माझ्या वहीत लिहायचो. लिहिता लिहिता एक शब्द पुन:पुन्हा यायला लागला: पिशवी काढली. वय अठ्ठावीस, पिशवी काढली. वय सव्वीस, पिशवी काढली. एकीला मी विचारलं, ‘‘बाई, काय झालं होतं?’’ म्हणाली, ‘‘अंगावरून पांढरं जायचं. कॅन्सर होईल म्हणले. दर म्हैन्याचा खाडाबी वाचंल म्हणून मालकबी हो म्हणले.’’ आणि आता? ‘‘आता मोळी उचलंना, गुरुजी. अंगातून वाफा निघत्यात.’’

२०१९ मध्ये हे देशभर वर्तमानपत्रांत आलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे दर सहा-सात जणींमागे एक. देशाचं सरासरी प्रमाण त्याच सुमारास तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. तो आकडा वाचला त्या दिवशी मी माझी जुनी वही काढून बसलो. माझ्याकडे वीस वर्षांपासून या नोंदी होत्या. मी त्यांना कंबरदुखी समजून माती लावत होतो. सालगड्याच्या वेळी मी रोग ओळखला नाही, इथे तर मी लिहून ठेवूनही वाचलं नाही.

मणिभाई देसाईंचं मोठेपण मला तेव्हा कळलं. मी १९७८ मध्ये उरुळीला होतो तेव्हा ते हयात होते, पण मला वाटायचं की हे गृहस्थ निसर्गोपचाराच्या आश्रमात राहून गाईंच्या मागे काय लागलेत? गांधीजींनी रोगी बघायला ठेवलं आणि हे गीर गाईंचं संगोपन करतात, द्राक्षं लावतात. १९६७ मध्ये त्यांनी बायफ ही संस्था काढली, संकरित गाईंचं काम देशभर नेलं, १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले. मला ते वाट सोडून गेलेले वाटायचे. पोटावर पट्टी बांधून घेणाऱ्या माणसाच्या घरात दूध नसेल तर आंबील-ताकाचं पथ्य सांगण्याला अर्थ काय, हा हिशेब त्यांनी तिशीतच मांडला होता. मला त्याला साठी लागली.

आमच्या क्षेत्रात विश्रांती हे पहिलं औषध मानतात. पुस्तकात ते फुकट आहे. धारूरला त्याचा भाव ठरलेला आहे, एका खाड्याचे जेवढे कापतील तेवढा. एखाद्या बाईला मी ‘‘पंधरा दिवस वजन उचलू नका’’ सांगतो तेव्हा ती माझ्याकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेला कूने, क्नाइप, युस्ट कोणाकडेच उत्तर नाही.

तरी जे हातात आहे ते करतो. गेली काही वर्षं दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस माझ्या परसात फक्त बाया येतात. तालुक्यातल्या आशाताई त्यांना घेऊन येतात. आधी दवाखान्यात रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या, मग माझ्याकडे. मी त्यांना पाठ न वाकवता गुडघ्यातून बसून मोळी कशी उचलायची ते दाखवतो, म्हणजे माझी मुलगी दाखवते, मला आता बसवत नाही. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा उपचाराने बरं होतं, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करायची नाही, हे तीनदा बोलून घेतो. शेवटी प्रत्येकीला जुन्या धोतराची, दोन हात लांबीची पट्टी देतो. तिकडच्या कॅनॉलकाठची माती घ्या, रात्री भिजवा, झोपताना कमरेला अर्धा तास ठेवा.

मागच्या खेपेला एक पोरगी पट्टी घेऊन गेली आणि फाटकातून परत आली. विशीची असेल, कडेवर लेकरू. म्हणाली, ‘‘गुरुजी, अजून एक द्या. जाऊबाईची पिशवी काढायची म्हणत्यात, तिला आधी तुमच्याकडं धाडते.’’ मी म्हटलं, ‘‘पट्टी ने, पण तिला माझ्याकडे नको, आधी दवाखान्यात ने. मी येतो संगं.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो. नंबर एकतिसावा होता.